वैरागडे सरांचा राजीनामा

वैरागडे सर आकड्यांना रागावत असत. फळ्यावर सात लिहिला की खडू खाली ठेवायचे, कमरेवर हात ठेवून त्याच्याकडे बघायचे आणि म्हणायचे, "काहून रे, कोणाशीच तुझं जमत नाही? अकडू!" नऊवर मात्र त्यांचा फार जीव. "नऊ म्हणजे आमची मावशी. कोणत्याही पटीत पाठवा, आकडे जोडले की शेवटी आपल्याच घरी येऊन बसते." शून्याला ते 'साहेब' म्हणत. स्वतः काडीचं काम करत नाही, पण दुसऱ्याच्या मागे उभा राहिला की त्याची किंमत वाढते, म्हणून. मुलांशी ते हिंदीत बोलत आणि आकड्यांशी मराठीत. असं का, म्हणून मी एकदा विचारलं, तर म्हणाले, "घरच्या माणसांशी घरच्या भाषेत नको का बोलाले?" वर्गावरून जाणाऱ्याला वाटे, आत दोन भाषांमध्ये कसलं तरी भांडण जुंपलंय.

मला ते पहिल्यांदा भेटले जबलपूरहून कुंडमला जाणाऱ्या बसमध्ये. खरं म्हणजे ते दिसायच्या आधी त्यांची मंडळी दिसली. जबलपुरातल्या रांझीच्या फॅक्टरी क्वार्टर्समधलं अर्धं बिऱ्हाड बसच्या खिडकीला लागलं होतं. आई, वडील, दोन बहिणी, शेजारच्या काकू आणि वर्ध्याहून आलेली आत्या. टपावर ट्रंक, गादी आणि स्टोव्ह चढला होता. खिडकीतून लिंबाच्या लोणच्याची बरणी आत येत होती आणि सगळ्या बाया रडत होत्या. पोरगा लढाईवर निघाला असावा, असंच कोणालाही वाटलं असतं.

मी एकटीच बसलेली. जबलपुरातल्याच मदन महल भागातल्या आमच्या घरातून मला कोणी पोचवायला आलं नव्हतं, कारण माझ्या आईचं म्हणणं होतं की कुंडम हे काही फार लांब नाही. आत्याबाईंनी खिडकीतून मला विचारलं, "तुम्ही कुठं चालल्या बाई?"

"तिकडेच, शाळेत. शिक्षाकर्मी म्हणून."

हे ऐकल्यावर आत्याबाईंनी दुसरा सूर लावला. "पोरीच्या जातीलेबी शिक्षा दिली न बाप्पा! आमच्या पोराच्या हातात कागद आला तवापासून मी विचारून राहिले, अरे, तू केलं तरी काय?"

त्या काळात आमच्या राज्यात लहान गावांतल्या शाळांसाठी शिक्षाकर्मी नेमत. हिंदीत शिक्षा म्हणजे शिक्षण, हे जबलपुरात जन्मलेल्यांना सांगावं लागत नसे. वर्ध्याच्या आत्याबाईंना कोणी सांगितलंच नव्हतं. बस सुटेपर्यंत त्या कंडक्टरला "याला वेळेवर जेवाले देतात न?" असं विचारत होत्या.

वैरागडेकाकांनी, म्हणजे सरांच्या वडिलांनी, शेवटचा उपदेश केला. फॅक्टरीत मशिनांच्या वर ओरडून ओरडून त्यांचा आवाज असा झाला होता की त्यांनी कानात सांगितलेलं पलीकडच्या बसलाही कळे. "हे पाय, ही नोकरी म्हणजे प्लॅटफॉर्मवरचा बाक. गाडी येईपर्यंत बसायचं. फॅक्टरीचा कॉल आला की उठायचं अन् निघायचं!"

बस सुटली. शेजारी बसलेला उंच, हडकुळा, चष्मेवाला मुलगा माझ्याकडे वळून म्हणाला, "नमस्कार ताईजी. मी वैरागडे. गणित. तात्पुरता." तात्पुरता हे त्यांनी अशा थाटात म्हटलं की मला ते आडनावाचाच भाग वाटलं. त्यापुढे काही बोलायच्या आत पहिलं वळण आलं आणि त्यांनी तोंडावर रुमाल धरला. पुढे प्रत्येक वळणाला ते लिंबाची एक फोड चोखत. कुंडम आलं तेव्हा बरणी अर्धी झाली होती, आणि बसमधल्या सगळ्यांच्या तोंडाला पाणी सुटलं होतं.

आमची शाळा कुंडमच्याही पुढे होती, सालाच्या झाडांमध्ये, बस जिथे वळून परत फिरते तिथे. दहावीपर्यंतचे वर्ग, मुलं भरपूर आणि शिकवणारे मोजके. हेडमास्तरांना सगळे 'बड़े सर' म्हणत. गोल, घामाघूम, अतिशय प्रेमळ माणूस. आम्ही उतरताच त्यांनी एका हाताने माझी पिशवी आणि दुसऱ्या हाताने वैरागडेंचं मनगट धरलं आणि वर्गाच्या दारापर्यंत दोन्ही सोडली नाहीत. हे दोघं बसच्या दुसऱ्या दारातून पळतील, अशी त्यांना भीती होती, असं त्यांनीच पुढे सांगितलं. तसं पूर्वी झालंही होतं म्हणे.

मास्तर मिळत नसल्यामुळे बड़े सरांना एक सवय लागली होती. शाळेच्या आवारात जो कोणी धडधाकट माणूस येईल त्याला ते रिकाम्या वर्गावर घालत. पोस्टमन भूगोल शिकवून जाई. गुरांना टोचायला आलेल्या कंपाउंडरने एकदा आठवीला पचनसंस्था शिकवली होती. मी विज्ञान शिकवायला उभी राहिले तेव्हा सगळ्या आठवीचं ठाम मत होतं की माणसाला चार पोटं असतात. ती एकेक करून काढून घेण्यात माझा पहिला महिना गेला. शेवटचं जास्तीचं पोट सोडायला तर मुलं तयारच नव्हती.

वैरागडे मला 'ताईजी' म्हणत. आमच्या मराठीतली ताई आणि त्यांच्या हिंदीतला जी. पण हिंदीत ताईजी म्हणजे मोठी चुलती. मी वैरागडेंहून लहान, तरी बड़े सर रोज सकाळी मला अदबीने विचारत, "ताऊजी की तबीयत कैसी है?" मला वाटे, माझ्या वडिलांची चौकशी करताहेत. मी म्हणे, "अच्छी है." महिनाभराने त्यांनी वैरागडेंना बाजूला घेऊन कौतुकाने सांगितलं, "आपकी ताईजी उमर से बहुत छोटी लगती हैं." तेव्हा मला कळलं की ताऊजी म्हणजे या ताईजींचा नवरा, आणि मी महिनाभर एका म्हाताऱ्या नवऱ्याची खुशाली कळवत होते.

पहिल्या दिवशी वैरागडेंना नववी मिळाली. मधे नुसती चटईची भिंत असल्यामुळे मला पलीकडचं सगळं ऐकू येई, आणि फटीतून थोडं दिसेही. पलीकडे पूर्ण शांतता होती. ती भीतीची नव्हती, शिस्तीचीही नव्हती. बस आली नाही तर लोक जसे झाडाखाली बसून राहतात, तशी ती मुलं बसली होती. वैरागडेंनी विचारलं, "सात अट्ठे?" कोणी बोलेना. "सात चौके?" कोणी बोलेना. "अच्छा, सात एकम?" खोकल्याचासुद्धा आवाज नाही.  त्यांनी मुलांकडे पाठ फिरवली आणि फळ्यावरच्या साताला रडकुंडीच्या सुरात विचारलं, "काहून रे, तूबी बोलत नाही? तुलेबी नाही येत? कोणाच्यात जात नाही, कोणाशी बोलत नाही, इथं काहून उभा आहेस मग?"

वर्ग फुटला. नवे सर पहिल्याच तासाला वेडे झाले, यासारखी करमणूक त्या शाळेत बऱ्याच दिवसांत झाली नव्हती. भाषा कळली नव्हती, पण साताला झापलं जातंय, एवढं कळलं होतं. हशा ओसरल्यावर मागच्या रांगेतून एका मुलीचा चिडका आवाज आला, "सर, उसको काहे डाँटते हो? चौदह में तो जाता है!"

"और?" वैरागडे गर्रकन वळले.

"इक्कीस में जाता है. अट्ठाईस में जाता है. पैंतीस में..." करत ती मुलगी सत्तरपर्यंत गेली आणि धापा टाकत थांबली.

वैरागडेंनी फळ्याकडे वळून साताला हात जोडले. "माफ कर भाऊ, चूक झाली."

मुलीचं नाव फूलमती. तास संपल्यावर तिने सरांना गाठून विचारलं, "आप कब जाओगे?" काही वाकडं नव्हतं त्यात. पाहुण्याला कोणत्या गाडीने निघणार विचारावं, तसं. गणिताचे मास्तर येत, थंडी पडायच्या आत बदली करून घेत आणि जात. मुलं त्यांची नावंसुद्धा पाठ करत नसत. वैरागडेंनी आपलं नाव सांगायला तोंड उघडलं तर फूलमतीने त्यांना मधेच थांबवलं. "रहने दीजिए सर. याद करके क्या करेंगे?" तिच्यासाठी ते 'नए वाले सर' होते. त्यांच्या आधीचेही तिला 'नए वाले सर'च होते.

"ताईजी," संध्याकाळी ते मला म्हणाले, "त्या पोट्टीनं मले नावसुद्धा सांगू दिलं नाही." त्यांना ते फारच लागलं होतं. तात्पुरते असले म्हणून काय झालं?

आकड्यांना रागावण्याची ही पद्धत अशी घाबरगुंडीतून निघाली. ती कोणत्या प्रशिक्षणात कोणी शिकवली नव्हती. पण त्या दिवसानंतर मुलं आकड्यांची बाजू घ्यायला लागली, आणि बाजू घ्यायची तर माहिती हवी. सर तेराला नावं ठेवायला लागले की चारजण तेराचा पाढा घेऊन धावत. समीकरणातलं बरोबरीचं चिन्ह म्हणजे दोन व्याही, असं ते सांगत. "इकडे एक साडी दिली तर तिकडेबी एक द्या. नाही तर रुसवा!" उणे गुणिले उणे अधिक का होतं, या प्रश्नाला मी मोठमोठ्यांना चाचरताना पाहिलं आहे. वैरागडे म्हणत, "दोन रुसलेले एका खोलीत कोंडा. एकमेकाकडे तक्रारी करता करता त्यांचीच दोस्ती होते." याला गणितात काही आधार नाही, हे मी त्यांना सांगितलं होतं. ते म्हणाले, "आधार दहावीत देऊ. आत्ता भीती जाऊ द्या." आणि दहावीत ते खरोखर आधार देत. व्यवस्थित सिद्ध करून, अगदी गंभीर चेहऱ्याने. सिद्धता पूर्ण झाली की मुलांना सांगत, "देखा? मैंने कहा था न, दोस्ती हो जाएगी!"

दोन वर्षं अशी गेली. थंडी पडायची, वैरागडे तिथेच. मुलं गोंधळात पडली होती. मग शाळेला अकरावी-बारावी मिळण्याची बोलणी सुरू झाली आणि बड़े सर वैरागडेंच्या मागे लागले. अकरावीला गणित उघडायचं तर शिकवणारा माणूस हवा, आणि तो टिकणारा हवा. नाही तर ज्याला गणित घेऊन पुढे शिकायचं त्याने जबलपूर गाठायचं. मुलींना तिकडे पाठवायला घरचे तयार नव्हते, म्हणजे फूलमतीचं गणित दहावीलाच संपणार होतं. बड़े सर येता-जाता म्हणत, "बस आप राजी हो जाइए, वैरागडे जी. एक बार राजी हो जाइए." वैरागडे "देखते हैं, देखते हैं" करत मागच्या दाराने सटकत.

आणि नेमका तेव्हाच फॅक्टरीचा कॉल आला.

त्या रविवारी रांझीत पेढे वाटले गेले. सोमवारी वैरागडे शाळेत आले ते चांगला इस्त्रीचा शर्ट घालून आणि मातीच्या रंगाचा चेहरा घेऊन. मला म्हणाले, "ताईजी, कागद लिहिला. बाबांनी बसून लिहवून घेतला. इस्तीफा असं लिहीत होतो, पण ते भांडून निघाल्यासारखं वाटते न? म्हणून राजीनामा लिहिलं. कसा सभ्य शब्द आहे!"  दोन वर्षं चटईच्या भिंतीपलीकडून येणारी ती भांडणं बंद होणार, एवढंच मनात आलं. त्यांनी कागद बड़े सरांच्या टेबलावर ठेवला आणि त्यांचं तोंड बघवणार नाही म्हणून व्हरांड्याच्या टोकाच्या वर्गात जाऊन बसले.

कागदावर एवढंच होतं: 'महोदय, मैं पूरे होश में अपना राजीनामा दे रहा हूँ. कृपया स्वीकार करें.'

थोड्या वेळात शाळेची घंटा वाजायला लागली. थांबेचना. घंटेचा दांडा खुद्द बड़े सरांच्या हातात होता. मुलं मैदानात जमली. बड़े सर ओट्यावर चढले, कागद डोक्यावर नाचवत ओरडले, "वैरागडे जी राजी हो गए! मुँहजबानी नहीं, लिखकर राजी हो गए! राजीनामा दिया है, राजीनामा! अब ग्यारहवीं में गणित खुलेगी!"

 मराठीत राजीनामा दिला की माणूस जातो. हिंदीत राजीनामा म्हणजे दोन्ही बाजूंनी राजी झाल्याचा कागद, लेखी होकार. आणि बड़े सर तर महिनाभर राजी व्हा, राजी व्हा म्हणून जीव काढत होते.

मुलं नाचायला लागली होती. संस्कृतचे पंडितजी, जे कधी हसत नसत, तेही हसत होते. एवढ्यात आवाज ऐकून वैरागडे व्हरांड्यातून बाहेर आले. बिचाऱ्यांनी भाषण ऐकलं नव्हतं. त्यांनी फक्त एवढंच पाहिलं की बड़े सरांच्या हातात आपला राजीनामा आहे आणि सगळी शाळा आनंदाने नाचते आहे. मी त्यांच्याकडे धावले, पण तोवर बड़े सरांनी त्यांना ओट्यावर ओढलं होतं. "दो शब्द कहिए!"

वैरागडेंचा चेहरा मला अजून दिसतो.  "मुझे मालूम नहीं था," ते म्हणाले, "कि इस बात से आप लोगों को इतनी खुशी होगी."

टाळ्या.

"मालूम होता," त्यांचा आवाज चिरकला, "तो मैं पहले ही लिखकर दे देता!"

टाळ्यांचा कडकडाट. बड़े सरांनी डोळे पुसले. "सुना? पहले ही दे देते! ऐसे होते हैं गुरु!"

वैरागडे माझ्याकडे पाहून मराठीत म्हणाले, "ताईजी, हे पोट्टे नाचून राहिले. मी इतका वाईट शिकवतो काय?"

मीही मराठीतच उत्तर दिलं. तिथे कोणालाच कळणार नव्हतं. "अहो, इथे राजीनामा म्हणजे होकार. तुम्ही अकरावी शिकवायला तयार आहात असं लिहून दिलंय!"

"म्हंजे?"

"म्हणजे तुम्ही जात नाही आहात. म्हणून नाचताहेत."

"बाप्पा!" म्हणून वैरागडे ओट्यावरच बसले. लोकांना वाटलं, भरून आलं. आणि मग गर्दीतून फूलमती पुढे आली, त्यांच्यासमोर उभी राहिली आणि म्हणाली, "सर, अब नाम बता दीजिए. याद कर लेते हैं."

वैरागडेंनी तिच्याकडे पाहिलं, बड़े सरांकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं. मग अगदी हळू आवाजात म्हणाले, "वैरागडे."

"बैरागढ़?"

"वै. रा. ग. डे." आणि त्यांनी तिला ते चार वेळा घोकायला लावलं.

संध्याकाळी बस आली. वैरागडे स्टॉपवर ट्रंक घेऊन उभे होते, पण चढले नाहीत. "उद्या सकाळी बड़े सरांना नीट समजावून सांगतो, मग जातो," म्हणाले. दुसऱ्या दिवशी सकाळी त्यांना सांगायला वेळ मिळाला नाही, कारण मुलांनी महुआच्या फुलांचा हार करून आणला होता, आणि हार गळ्यात असताना माणूस असं कसं सांगणार?

तिसऱ्या दिवशी वैरागडेकाका आले. फॅक्टरीच्या खाकी कपड्यांत, रजा टाकून, कुंडमपर्यंत बसने आणि शाळेपर्यंतच्या बसची वाट बघायला धीर नसल्याने पुढे कोणाच्या तरी मोटरसायकलवर मागे बसून. पोरगा आला नाही, निरोप नाही, रुजू व्हायची तारीख डोक्यावर. "कुठाय तो बह्याड?" ही गर्जना गेटातूनच आली. वैरागडे तेव्हा दहावीच्या मुलांना घेऊन मागच्या माळावर झाडाची उंची काढत होते. मी खिडकीतून पाहिलं, पण मी पोचायच्या आत बड़े सर पोचले. त्यांना दिसलं एवढंच की स्वच्छ गणवेशातला, खणखणीत आवाजाचा एक धडधाकट माणूस आवारात आला आहे.

"आइए, आइए, सातवीं खाली है," म्हणत त्यांनी काकांचं मनगट धरलं.

"अरे, मी पोराले न्यायला आलो!" काका मराठीत ओरडले.

"बच्चे अंदर ही हैं," बड़े सर म्हणाले आणि त्यांना वर्गात ढकलून त्यांनी कडी लावली.

पुढे काय झालं ते सातवीच्या मुलांनी अनेक वर्षं एकमेकांना सांगितलं. काकांनी आधी शिव्या घातल्या. त्या मराठी असल्यामुळे मुलांनी वहीत उतरवून घेतल्या. मग काकांनी सगळ्यांना पाळीने उभं केलं. पहिली पाळी, दुसरी पाळी, रात्रपाळी. हत्यारं कशी मांडायची, तशी दप्तरं मांडायला लावली. रात्रपाळीने मान टाकून झोपायचं नाही, असा दम भरला. मग प्रत्येकाचं नाव विचारलं. प्रत्येक नावाला ते "अच्छा!" म्हणत आणि भिंती हादरत. मधल्या सुट्टीत कडी काढली तर ते बाहेर येईनात. शेवटची घंटा झाली तर मुलांना सोडीनात. मी दारातून म्हटलं, "काका, सुट्टी झाली." ते म्हणाले, "थांबा हो बाई, माल बाकी आहे. ओव्हरटाइम लावला आहे."

परतीच्या बसची वाट बघत आम्ही तिघं सालाच्या झाडाखाली उभे होतो. वैरागडे पायाने मातीत रेघा ओढत होते. काकांनी शाळेकडे तोंड केलं होतं. तो माणूस गप्प असला की फार विचित्र वाटे, भोंगा बंद पडल्यासारखं. शेवटी ते म्हणाले, "तुमचा तो बड़े सर मले उद्याबी ये म्हणून राहिला."

"बाबा, मी सांगणार होतो त्यांना..."

"काय सांगशील?" काका म्हणाले. "इतकी वर्षं झाली फॅक्टरीत. मी ताप येऊन घरी पडलो तरी भोंगा वाजतेच. माझी जागा दुसरा घेते, काम चालतेच. वाईट नाही म्हणत, आपलं पोट आहे ते. पण इथं..." मग एकदम पोरावर खेकसले, "सातवीले गणित कोण शिकवते रे? त्याईले भागाकार येत नाही! आठवड्यात दोन तास घेत जा त्याईचे!"

"बाबा, मग कॉलचं?"

"तू सांग न. तुझ्या तोंडात काय मूग भरले?"

वैरागडेंनी रेघ ओढायची थांबवली. "आता खरा शब्द कोणता, ते समजलं मले," ते म्हणाले. "पण लिहवत नाही."

बस आली. काका एकटेच चढले. वैरागडेंनी त्यांना लोणच्याची रिकामी बरणी खिडकीतून दिली, भरून पाठवा म्हणून.

रांझीत त्यानंतर महिनाभर मोठा घोळ झाला. काका सगळ्यांना सांगत, "पोरानं राजीनामा दिला." क्वार्टर्समधली मराठी मंडळी येऊन सांत्वन करत, "अरेरे, काहून सोडली नोकरी?" काका म्हणत, "सोडली कुठं? नोकरी पक्की करायला दिला न राजीनामा!" हिंदी शेजारी अभिनंदन करत आणि मराठी शेजारी चहा न घेता, हळूच पाठीवर हात ठेवून जात. वैरागडेंच्या आईंनी मात्र एकच प्रश्न विचारला, "तिथं दूध मिळते न?" आणि प्रश्न मिटवला.

अकरावीत गणित उघडलं. पहिल्या तुकडीत पोरं बोटांवर मोजण्याइतकी, पण त्यांत दोन मुली होत्या आणि त्यांतली एक सरांचं नाव बरोबर उच्चारणारी होती. वैरागडे रात्री स्वतः अभ्यास करून सकाळी शिकवत. कलन, म्हणजे कॅलक्युलस, शिकवताना मी त्यांना पुन्हा एकदा घाबरलेलं पाहिलं. "ताईजी, इथं आकडे उरलेच नाहीत, नुसती अक्षरं आहेत. यांना रागावता येत नाही, ही परक्याची लेकरं आहेत." थोड्याच दिवसांत त्यांनी एक्सला 'जावईबापू' म्हणायला सुरुवात केली. कोण आहे, काय करतो, काही कळत नाही, पण सगळं घर त्याच्याभोवती फिरतं, म्हणून.

मी तिथे आणखी काही वर्षं होते. शिकवायचं कसं, ते मी डिग्री घेताना शिकले नाही. ती चटईची भिंत होती म्हणून शिकले. मुलं गप्प बसली तर त्यांचा राग करायचा नाही, आपणच काहीतरी हास्यास्पद करून बघायचं, हे पलीकडून ऐकून ऐकून माझ्यात उतरलं. मग माझं लग्न ठरलं, जबलपूरच्या शाळेत बदली झाली आणि जायचा दिवस आला.

निरोपसमारंभ नको, असं मी बजावलं होतं. मला रडू आवरत नाही. वैरागडे म्हणाले, "नाही ठेवत. त्या दिवशी तसाबी माझा नववीचा प्रयोग आहे. वेग, वेळ अन् अंतर."

सकाळी मी बसमध्ये चढले तर स्टॉपवर चिटपाखरूसुद्धा नव्हतं. मी म्हटलं होतं खरं, तरी वाईट वाटलंच. बड़े सर तेवढे येऊन ताऊजींना नमस्कार सांगून गेले. बस सुटताना ड्रायव्हर कंडक्टरला म्हणत होता, "सर ने कहा है, गाड़ी एक जैसी चलाना. न तेज, न धीमी. बच्चों का इम्तहान है."

पहिलं वळण गेलं आणि रस्त्याच्या कडेला एक मुलगा ताठ उभा दिसला. बस त्याच्यासमोरून जाताच त्याने हात वर केला आणि जोरात ओरडला, "एक! नमस्ते मैडम!" थोडं पुढे एक मुलगी. "दो! नमस्ते मैडम!" सगळ्या नववीला त्यांनी सारख्या अंतरावर, झाडाझाडापाशी उभं केलं होतं. बस जाताना प्रत्येकाने हात वर करायचा आणि आपला नंबर सांगायचा. नमस्ते हे प्रयोगात होतं की मुलांनी घातलं, मला माहीत नाही. एकेक चेहरा खिडकीशी यायचा, ओरडायचा आणि मागे जायचा. मी प्रत्येकाला हात करत होते आणि दुसऱ्या हाताने तोंड पुसत होते. रस्ता संपेना, मुलं संपेनात.

सगळ्यांत शेवटी, टेकाडावर, वैरागडे उभे होते. त्यांनी हात केला नाही. मान वर करून पाहिलंसुद्धा नाही. डोळे हातातल्या घड्याळावर, ओठ मोजणीत हलत होते. बस त्यांच्यासमोरून गेली.

पुढच्या रविवारी मी मिठाई घेऊन रांझीला गेले. वैरागडे अंगणात वही मांडून बसले होते, अत्यंत चिडलेले.

"या, ताईजी. तुमच्यामुळे सगळा प्रयोग बिघडला."

"मी काय केलं?"

"शेवटच्या पोट्ट्यांपाशी वेग कमी निघून राहिला. दहा वेळा मांडून पाहिलं. मी ड्रायव्हरला धरला, एक जैसी चलाना सांगितलं होतं न, मग धीमी काहून केली? तर तो म्हणते," वैरागडेंनी चष्मा काढला, पुसला आणि पुन्हा वहीत डोकं घातलं, "तो म्हणते, पीछे मैडम रो रही थीं, सर. गाड़ी तेज कैसे चलाता?"